रंजनासाठी वाचन आणि आपला वाचक

१

चळवळीच्या अभ्यासवर्गांतून एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. ज्या समाजापुढे अत्याचार, बेकारी आणि शिक्षणातील गळती असे जळते प्रश्न उभे आहेत, त्या समाजातील तरुणाने रहस्यकथा, प्रेमकथा आणि चित्रकथा वाचण्यात वेळ दवडावा काय? विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : दवडू नये. मौज अशी की, प्रस्थापित समीक्षेनेही हेच उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. तिचे कारण तेवढे वेगळे. ती म्हणते, हे वाङ्मय हलके आहे, त्याने अभिरुची बिघडते. आपला कार्यकर्ता म्हणतो, ही गुंगी आहे, तिने जाणीव बोथट होते. एरवी ज्या दोघांचे कशावरच पटत नाही त्यांचे याच एका मुद्द्यावर एकमत व्हावे, ही गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातील बरीच मुले-मुली आपल्या घरातील पहिली पदवीधर होणार आहेत. मीही तसाच झालो. या मुलांचे वाचन कोठे सुरू होते आणि कोठे थांबते, हे मी रोज पाहतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, केवळ आनंदासाठी वाचणे हा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या फुरसतीचा उपभोग आहे. आणि असा वाचक ज्या समाजात तयार होत नाही, त्या समाजात वैचारिक ग्रंथालाही फार काळ वाचक उरत नाही.

२

वर्णव्यवस्थेने आपल्याकडून अक्षर हिरावून घेतले, हे आपण नेहमी सांगतो. तिने वेळही हिरावून घेतला, हे मात्र तितक्या आग्रहाने सांगत नाही. महार वतनाचेच पाहा. गावकीच्या कामाला दिवस-रात्र नव्हती. हाक आली की निघायचे. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जायचे. अशा माणसाच्या हाती कोणी पुस्तक दिले असते तरी ते उघडायला त्याच्या मालकीचा एक तास नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे ही चोवीस तासांची बांधिलकी तोडण्याचाही हेतू होता. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

फुरसतीचा विचार बाबासाहेबांनी याहून खोलवर केलेला आहे. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा त्यांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील गांधीवादावरच्या प्रकरणात ते यंत्राची बाजू घेतात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : पशूला पोट भरले की पुरते, माणसाला संस्कृतीही लागते. संस्कृतीला फुरसत लागते, आणि राबणाऱ्या बहुसंख्यांना फुरसत मिळायची तर श्रमाचा भार यंत्राने उचलला पाहिजे. हा विचार त्यांनी कागदावरच ठेवला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखाने कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ते वाचलेले सहा तास कामगाराने कसे घालवावेत, याची यादी कायद्यात नव्हती. तशी ती नसावी, हेच योग्य.

आज आपल्या वस्तीत जाऊन पाहा. विहाराला लागून अभ्यासिका असते, आणि ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिच्या कपाटात काय असते? स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, प्रश्नसंच, चालू घडामोडींचे मासिक. मुलगा दहा-दहा तास तेथे बसतो. परीक्षा पास झाला तर पुस्तकाचे काम संपते. वयोमर्यादा उलटली तर पुस्तकाचा तिटकारा येतो. दोन्ही वाटांनी तो पुस्तकापासून दूरच जातो. आपल्या घरांतून पुस्तक म्हणजे शिडी आहे. वर चढले की शिडीला कोणी हात लावत नाही. आणि ज्याला वर चढताच आले नाही, त्याच्या मनात ती शिडी आयुष्यभर सलत राहते. उरलेला वेळ मोबाईल खाऊन टाकतो. चळवळीने काढलेली पुस्तके आणि नियतकालिके वाचली जात नाहीत अशी तक्रार आपण करतो तेव्हा या अभ्यासिकेच्या कपाटाकडे आधी पाहावे. ज्याने कधी स्वतःसाठी वाचले नाही, तो समाजासाठी तरी का वाचील?

३

मराठीत सामान्य माणसाला वाचनाची सवय कोणी लावली, याचा इतिहास लिहिताना बाबूराव अर्नाळकरांचे नाव टाळता येत नाही. झुंझार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक घरोघर पोचले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. पुढे गुरुनाथ नाईकांनी तसाच प्रचंड पसारा मांडला. नारायण धारपांनी भयकथा लिहिल्या. सुहास शिरवळकरांनी आधी रहस्यकथेतून आणि मग १९८२ सालच्या ‘दुनियादारी’सारख्या कादंबरीतून महाविद्यालयीन तरुण बांधून ठेवला. ही पुस्तके हातात मावणारी, स्वस्त, आणि दिवसाच्या भाड्याने मिळणारी होती. ती विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूसही ती वाचू शकत होता. पाने सुटली, मुखपृष्ठ गेले, तरी पुस्तक या हातातून त्या हातात फिरत राही.

माझे वडील नगरपालिकेत सफाईच्या कामावर होते. शाळा सातवीत सुटलेली. रद्दीत सापडलेल्या रहस्यकथा ते घरी आणीत आणि रात्री जेवण झाल्यावर दिव्याखाली वाचीत. शेवटचे पान फाटलेले असले की खून कोणी केला असेल यावर ते आणि माझी आई वाद घालीत. आईला वाचता येत नसे. तिने गोष्ट ऐकलेली असे. अनेकदा तिचाच तर्क पटण्यासारखा असे. आमच्या घरातील पहिला वाचक मी नव्हतो.

रहस्यकथा वाचकाकडून काय करून घेते, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे. तिच्या वाचकाला पन्नास पानांपूर्वीचा तपशील ध्यानात ठेवावा लागतो. पात्र बोलते ते खरे की खोटे, हे ताडावे लागते. सांगणाराच काही लपवीत असेल असा संशय धरावा लागतो, आणि शेवट कळल्यावर मागे जाऊन दुवे जुळवावे लागतात. इतिहासाचे साधन वाचताना, सरकारी अहवाल वाचताना, पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब वाचताना नेमके हेच करावे लागते. ही तालीम कोणी सक्तीने देत नाही; वाचक ती हौसेने घेतो. म्हणून तर ती टिकते.

४

रंजन आणि उद्बोधन यांचे वैर आहे, ही समजूत आपल्या चळवळीच्या इतिहासाला धरून नाही. सत्यशोधकांनी जलसा उभा केला तो तमाशाच्याच साच्यावर. आंबेडकरी जलशांनी तोच वारसा पुढे चालवला. ढोलकी होती, सोंग होते, हजरजबाबी विनोद होता, आणि या सगळ्यातून शिक्षणाचा, पाणवठ्याच्या हक्काचा, मृत जनावर न ओढण्याचा विचार पोचत होता. दिवसभर राबलेला माणूस रात्री जलशाला येऊन बसे तो आधी करमणुकीसाठी. विचार त्याला तेथे भेटे.

लेखनात हेच काम अण्णाभाऊ साठ्यांनी केले. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या लेखकाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या कादंबरीत पाठलाग आहेत, लढाया आहेत, दरोडे आहेत, उत्कट प्रेम आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि बाबासाहेबांना अर्पण केलेल्या ‘फकिरा’त उपाशी माणसांसाठी इंग्रज सरकारचा खजिना लुटणारा मांग नायक उभा राहतो. वाचक ती श्वास रोखून वाचतो. प्रस्थापित समीक्षेने बराच काळ या लेखनाकडे पाठ फिरवली. त्यातला रोमांच तिला बटबटीत वाटला. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तरी अण्णाभाऊंना अभ्यासक्रमांत आणि समीक्षेत रास्त जागा मिळायला फार वर्षे लागली. वाचकांनी मात्र वाट पाहिली नाही. अण्णाभाऊंनी रोमांच टाकून दिला असता तर समीक्षक कदाचित लवकर प्रसन्न झाले असते, पण गिरणगावातला आणि वारणाकाठचा वाचक त्यांना मिळाला नसता.

५

याचा अर्थ या वाङ्मयात सगळे आलबेल आहे असा नाही. आनंदाने वाचावे आणि वाचताना डोळे उघडे ठेवावेत, एवढेच मला म्हणायचे आहे. तीनही प्रकारांना विचारायचे प्रश्न वेगवेगळे आहेत.

रहस्यकथेला विचारायचा प्रश्न गुन्ह्याविषयीचा आहे. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४१ साली आधुनिक गुप्तहेरकथेचा पाया घातला असे मानले जाते. या कथेचे मूळ सूत्र असे की, संशय सर्वांवर सारखा घ्यायचा आणि गुन्हा पुराव्याने सिद्ध करायचा. या सूत्रानुसार घरंदाज गृहस्थ खुनी निघू शकतो आणि गडी निर्दोष ठरू शकतो. आता १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. त्याचे सूत्र बरोबर उलटे होते. तेथे पुरावा लागत नव्हता. जन्म पुरत होता. जमातीच्या नावावर शिक्का बसला की मूल जन्मताच संशयित. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातील वसाहत हे सारे त्यामागून आले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्याची नजर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे १९८७ सालचे ‘उचल्या’ वाचले म्हणजे ती नजर माणसाचे काय करते ते कळते.

म्हणून रहस्यकथा वाचताना पाहावे की, लेखक कोणत्या सूत्राने चालला आहे. पुराव्याच्या, की जन्माच्या? खलनायकाचा रंग काळा का, त्याची बोली गावकुसाबाहेरची का, आणि गुप्तहेराचे आडनाव नेहमी ठराविक आळीतलेच का? रहस्यकथा आपल्याच नियमाशी प्रामाणिक राहिली तर ती जातीच्या नियमाविरुद्ध जाते. प्रामाणिक राहिली नाही, तर ते वाचकाच्या लक्षात आले पाहिजे.

काळ्या अमेरिकन लेखकांशी आपले नाते १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली तेव्हापासून अधिक दृढ झाले. त्यांच्यातील चेस्टर हाइम्स हा लेखक येथे मुद्दाम आठवतो. दरोड्याच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला आणि तेथेच लिहू लागला. पुढे अमेरिका सोडून फ्रान्समध्ये राहिला आणि १९५७ पासून त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील दोन काळ्या पोलीस गुप्तहेरांच्या कादंबऱ्या लिहिल्या. १९५८ साली त्याला फ्रान्समध्ये गुप्तहेरकथेचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच्या कथेत गुन्हा आहे, धावपळ आहे, खो-खो हसवणारे प्रसंग आहेत, आणि या सगळ्यातून गोऱ्यांच्या कायद्याखाली जगणारी काळी वस्ती दिसत राहते. त्याने रहस्यकथा टाकून दिली नाही. तिच्यात आपली वस्ती वसवली.

६

प्रेमकथेला विचारायचा प्रश्न अडथळ्याविषयीचा आहे. प्रेमकथेत अडथळा लागतोच. तो नसेल तर कथा दहा पानांत संपेल. मराठी लोकप्रिय प्रेमकथेत हा अडथळा बहुधा श्रीमंती-गरिबीचा, गैरसमजाचा किंवा हट्टी वडिलांचा असतो. महाराष्ट्रात प्रेमाच्या वाटेत सर्वांत मोठा दगड कोणता आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आणि त्याचेच नाव घेतले जात नाही. २०१३ साली सोनईत आणि २०१४ साली खर्ड्यात दलित तरुणांचे खून झाले, त्यामागे सवर्ण मुलीशी असलेल्या वा संशयलेल्या प्रेमाचाच राग होता. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटले होते. म्हणजे प्रेमकथेचा विषय हा आपल्या दृष्टीने क्षुल्लक विषय नाही. त्यातून नेमका मुद्दा गाळला जातो, ही आपली तक्रार आहे.

तो मुद्दा जागेवर ठेवला की काय होते, हे २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने दाखवले. सूत्र तेच जुने : गाणी, चोरून भेटी, पळून जाणे. अडथळ्याच्या जागी मात्र जात ठेवली. लोकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. रंजनाचा साचा जातीचे सत्य पेलू शकतो, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांची तर दुहेरी थट्टा होते. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने अशा वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ साली एक पुस्तक लिहिले. त्या स्त्रियांना पुस्तकातील कथेइतकीच वाचनाची कृती मोलाची वाटत होती. पुस्तक उघडले की तेवढा वेळ त्या कोणाच्या बायको नव्हत्या, कोणाच्या आई नव्हत्या. आपल्या वस्तीतल्या स्त्रीची स्थिती याहून बिकट आहे. धुणी-भांडी करून आलेली बाई पुस्तक घेऊन बसली तर घरातले सगळे तिच्याकडे काम उरले आहे अशा नजरेने पाहतात. तिने काय वाचावे हे सांगण्याआधी तिला बसू देणे हे काम मोठे आहे.

वाचक बिघडेल ही काळजी नेहमी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीकडे पाहूनच केली जाते. १९६२ सालच्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. वाचकाला वाचवायला निघालेल्यांनी त्याला आधी अजाण ठरवलेले असते. आपल्या कार्यकर्त्याने तरी वाचकाकडे असे पाहू नये.

७

चित्रकथेला विचारायचा प्रश्न जागेचा आहे : चित्रात मध्यभागी कोण उभा आहे आणि कडेला कोण? इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले आणि ली फॉक या अमेरिकन लेखकाचा वेताळ मराठी मुलांना भेटला. मुलांनी त्याच्यावर जीव लावला, यात नवल नाही. पण चित्र पुन्हा पाहा. जंगल काळ्या माणसांचे, आणि त्यांचे रक्षण करणारा पिढीजात गोरा. रक्षणकर्त्याचे पद बापाकडून मुलाकडे जाते, ते जंगलातल्या कोणाला मिळत नाही. ही व्यवस्था आपल्याला अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

१९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेने पुराणे आणि इतिहास मुलांच्या हाती दिला. बाबासाहेबांवरील अंक त्यात १९७९ साली आला. २०११ साली ‘नवयान’ने ‘भीमायन’ हे इंग्रजी पुस्तक काढले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे लेखन, आणि चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या अनुभवांवर ते उभे आहे. गोरेगावच्या प्रवासात तहानलेली मुले, बडोद्यात आसरा न मिळालेला उच्चशिक्षित अधिकारी आणि महाडचे पाणी त्यात येते. या चित्रकारांनी नेहमीच्या चौकटी नाकारल्या. त्यांच्या पानांवर गोंड भित्तिचित्रांच्या नक्षीचे पट्टे फिरतात. प्रेमळ माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. वाचता न येणारे मूलही चित्र पाहून सांगेल की कोणते बोलणे डसणारे आहे. जी कला आदिवासी घराच्या भिंतीवर होती, तिने बाबासाहेबांचे चरित्र सांगावे, आणि वाचकाने ते रंगून जाऊन पाहावे, यात उद्बोधन कोठे संपते आणि रंजन कोठे सुरू होते हे वेगळे काढता येत नाही.

८

आपल्या साहित्याने वेदना मांडली, ती मांडणे आवश्यकच होते आणि आहे. परंतु दलित वाचकाने फक्त आपली वेदनाच वाचावी, हा आग्रह कोठून येतो? सवर्ण विद्यार्थी दिवसा अभ्यास करतो आणि रात्री रहस्यकथा वाचतो. त्याला कोणी जाब विचारीत नाही. आपल्या मुलाने प्रत्येक पुस्तकाचा हिशेब द्यावा, असे आपणच म्हणू लागलो तर गावकीची हाक आपण त्याच्या मनात नव्याने बसवीत आहोत असे होईल.

तेव्हा शिक्षक आणि कार्यकर्ते यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक अभ्यासिकेत मार्गदर्शकांच्या कपाटाशेजारी एक फळी अशा पुस्तकांची ठेवावी. तेथे अर्नाळकर असावेत, धारप असावेत, अण्णाभाऊ असावेत, चित्रकथा असाव्यात. जुनी पुस्तके रद्दीच्या भावात मिळतात. त्यासाठी अनुदानाची वाट पाहू नये. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ पासून आहे. जवळच्या ग्रंथालयात आपली मुले सभासद आहेत काय, ते विचारावे. पुस्तक परत आले की त्यावर निबंध मागू नये, बोध विचारू नये. विचारायचेच तर आवडले का ते विचारावे, आणि खून कोणी केला असे वाटले होते ते विचारावे. आठवड्यातून एका संध्याकाळी मोठ्याने वाचन ठेवावे, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही तेही येतील. आणि त्या वेळी बायकांच्या वाट्याचे काम पुरुषांनी करावे.

वरचे प्रश्न, म्हणजे गुन्हेगार कोण ठरवले, अडथळ्याचे नाव का घेतले नाही, मध्यभागी कोण उभा आहे, हे त्या गप्पांतून आपोआप निघतात. निघाले नाहीत तर शिक्षकाने एखादा हळूच सोडून द्यावा आणि गप्प बसावे. आणि त्या फळीवरची पुस्तके वाचून एखादी मुलगी म्हणाली की, यातला गुप्तहेर आपल्या वस्तीतला का नाही, तर तिच्या हाती कोरी वही द्यावी. ते पुस्तक अजून लिहायचे राहिले आहे.